मेंदूच्या वेशीवर अडलेलं औषध

१८८५ साली जर्मन वैद्यक-संशोधक पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला. बहुतेक सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूच्या पेशींना हा रंग धरतच नाही, असा अर्थ त्यांनी लावला आणि तिथेच ते चुकले. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये प्रयोग उलटा केला. ट्रिपान ब्लू हा निळा रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तर मेंदू निळा आणि बाकीचं शरीर कोरं! रंग धरत होता, वाट अडलेली होती. ती नेमकी कुठे अडते हे कळायला मात्र १९६७ उजाडलं. रीस आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींचे घट्ट सांधे दाखवले. रक्तातून येणारी बरीचशी औषधंही याच वेशीवर अडतात.

दरम्यान केंब्रिजजवळच्या बाब्राहममध्ये ॲलेक बँगहॅम यांना पाण्यात घोळलेल्या फॉस्फोलिपिडचे (पेशींच्या पटलात असणाऱ्या स्निग्ध पदार्थाचे) आपोआप पोकळ फुगे बनताना दिसले होते. हेच लायपोसोम. या फुग्यांत औषध भरता येईल, ही कल्पना १९७१ पासून ग्रेगरी ग्रेगोरियाडिस यांनी लावून धरली.

स्निग्धात विरघळणारे बरेच छोटे रेणू मेंदूत सहज शिरतात, मग स्निग्ध फुगाही शिरेल, असं वाटणं साहजिक आहे. पण सुटा रेणू वेगळा आणि शंभरेक नॅनोमीटरचा फुगा वेगळा. शिवाय यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी तो वाटेतच गिळतात. १९९०च्या सुमारास पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचं आवरण आलं आणि फुगे रक्तात बराच वेळ टिकू लागले. पण टिकणं म्हणजे शिरणं नव्हे.

शिरण्याची युक्ती लोहाकडून उसनी घेतली. मेंदूला लोह लागतं. ते वाहणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाला पकडणारे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचे ग्राहक रेणू, मेंदूतल्या त्याच केशवाहिन्यांच्या अस्तरावर असतात. १९९६ मध्ये पार्ड्रिज यांच्या गटाने फुग्यावरच्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या धाग्यांच्या टोकांना ओएक्स२६ हे या रिसेप्टरला चिकटणारं प्रतिपिंड जोडलं, आत डाउनोमायसिन हे कर्करोगावरचं औषध भरलं आणि ते उंदरांना टोचलं. हे प्रतिपिंड रिसेप्टरवर ट्रान्सफेरिनची जागा अडवत नाही, बाजूला चिकटतं. त्यामुळे लोहाची ने-आण चालू राहते आणि फुगाही सोबत आत ओढला जातो.

पुढे एक गोची निघाली. २०११ मध्ये जेनेन्टेक या अमेरिकी औषध कंपनीच्या संशोधकांना आढळलं की घट्ट चिकटणारं प्रतिपिंड पलीकडे सुटतच नाही. जरा सैल पकडीचं मेंदूत जास्त पोचतं. त्यांचा प्रयोग नुसत्या प्रतिपिंडांवर होता, पण लायपोसोमवाल्यांनाही तो झोंबण्यासारखाच होता. पकड वाढवण्यात इतकी वर्षं गेली होती! तेव्हापासून ‘मेंदूत पोचलं’ असा दावा वाचला की मी आधी तपासतो: मेंदूत, की रक्तवाहिनीच्या भिंतीतच?