बनावट डिझायनर हँडबॅग : खरेदीपूर्वीची पारख

एखाद्या नामांकित फॅशन कंपनीचे नाव, बोधचिन्ह किंवा नोंदणीकृत नक्षी परवानगीविना वापरून, ती त्याच कंपनीने घडवली आहे असे भासवणाऱ्या हातपिशवीला बनावट डिझायनर हँडबॅग म्हणतात. नाव न उचलता केवळ घाट उचलणारी पिशवी सहसा या व्याख्येत येत नाही. मुंबईच्या बाजारात अशा मालाला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात. हा शब्द प्रतवारीच्या थाटात उच्चारला जात असला, तरी त्यामागे कोणतेही मानक नसते आणि दोन गाळ्यांवरची ‘फर्स्ट कॉपी’ सारखी निघेलच असे नाही.

नकलेचा त्रास या व्यवसायाला सुरुवातीपासूनचा आहे. 1854 मध्ये पॅरिसला प्रवासी पेट्यांचे दुकान काढणाऱ्या लुई व्हिताँ यांच्या मालाच्या नकला होऊ लागल्या, तेव्हा 1888 मध्ये बुद्धिबळाच्या पटासारखी ‘दामिए’ नक्षी आणि 1896 मध्ये त्यांचे पुत्र जॉर्ज यांनी आद्याक्षरे व फुले गुंफलेली ‘मोनोग्राम’ नक्षी आणली. नकलेला आळा बसावा म्हणून काढलेली ही नक्षीच पुढे नकलाकारांच्या पथ्यावर पडली, कारण दुरून ओळखू येणारे चिन्ह उमटवणे हे उत्तम शिवण घालण्यापेक्षा फार सोपे काम असते.

पारख करताना हाच धागा धरावा लागतो. छायाचित्रात जे दिसते ते नकलाकार आधी साधतो. जडणघडणीत जे दडलेले असते तिथे तो पैसे वाचवतो. पैठणी घेताना पदर उलटून पाहणाऱ्या ग्राहकाला हे वेगळे सांगायला नको.

लुई व्हिताँची ‘स्पीडी’ ही पिशवी याचे चांगले उदाहरण आहे. मोनोग्रामची पारंपरिक स्पीडी कॅनव्हासच्या एकाच सलग तुकड्याने घडवलेली असते. तो तुकडा एका बाजूने तळाखालून दुसऱ्या बाजूला जातो, त्यामुळे मागील बाजूची ‘एल.व्ही.’ अक्षरे उलटी दिसतात. उलटी अक्षरे पाहून ‘ही खोटी’ असा निकाल अनेक जण देतात. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना अक्षरे सुलटी असून तळाशी जोड असेल, तर तीच पिशवी संशयास्पद ठरते. हा कॅनव्हास म्हणजे चामडे नव्हे, तर लेप दिलेले सुती कापड असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. हँडलचे चामडे मात्र प्रक्रिया न केलेले, फिकट बदामी असते आणि उजेडाने व हाताच्या तेलकटपणाने हळूहळू मधासारखे गडद होते. वापरलेली म्हणून विकायला आलेल्या पिशवीचे कोपरे झिजलेले असूनही हँडलचा रंग सर्वत्र एकसारखा नवा असेल, तर विक्रेत्याला त्याचे कारण विचारावे. याउलट, जुन्या अस्सल पिशवीच्या आतील खिशाचे अस्तर कोकणपट्टीच्या दमट हवेत चिकट होऊ शकते. तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

शिवणीबाबतही असाच गैरसमज आहे. एर्मेस या फ्रेंच कंपनीच्या बर्किन व केली या पिशव्यांना खोगीर शिवण्याच्या पद्धतीने हाती टाके घातलेले असतात : एकाच मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि त्या समोरासमोरून एकाच भोकातून जातात. त्यामुळे टाके किंचित तिरके पडतात आणि एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. पट्टीने आखल्यासारखी सरळ यांत्रिक शिवण ही इथे गुणाची नव्हे, शंकेची खूण आहे. शॅनेल या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या पिशवीत शंकरपाळ्यांच्या आकाराची रजईसारखी शिवण मागील खिशावरून न तुटता पुढे गेलेली असते. तिच्या दुहेरी ‘सी’मध्ये उजवा ‘सी’ वरच्या छेदावर डाव्यावरून जातो आणि खालच्या छेदावर त्याच्याखालून.

क्रमांकावर लोकांचा नको तितका भरवसा असतो. लुई व्हिताँच्या पिशवीतील ‘डेट कोड’ प्रत्येक नगाचा स्वतंत्र क्रमांक नसून तो कारखाना व निर्मितीचा काळ सांगतो. 2007 पासूनच्या चार अंकांपैकी पहिला व तिसरा अंक मिळून आठवडा, तर दुसरा व चौथा मिळून वर्ष होते; म्हणजे 3189 हा 2019 चा अडतिसावा आठवडा. याच रीतीने वाचल्यावर सत्तरावा आठवडा निघाला, तर पुढे पाहण्याची गरज उरत नाही. 2021 मध्ये या कोडची जागा चिपने घेतली. शॅनेलनेही त्याच वर्षी क्रमांकाचे स्टिकर व कार्ड बंद करून चिप असलेली धातूची पट्टी आणली. मात्र बरोबर जुळणारा अंक छापणे किंवा आत एखादी चिप घालणे नकलाकारालाही जमते. त्यामुळे चुकीचा क्रमांक पिशवी खोटी असल्याचे दाखवतो. बरोबर क्रमांक ती खरी असल्याचे सिद्ध करत नाही. डबा, कापडी पिशवी आणि बिल यांचेही तेच.

अलीकडच्या ‘सुपरफेक’ मालात चामडे व शिवणही चांगली असते आणि तिथे डोळ्यांची पारख कमी पडते. अशा वेळी माल कोणाच्या हातून आला हेच पाहावे लागते. लुई व्हिताँ आपला माल स्वतःच्या दुकानांतून व संकेतस्थळावरूनच विकते आणि सवलतीचा सेल लावत नाही. शॅनेल हँडबॅगा ऑनलाइन विकत नाही. त्यामुळे ‘कंपनीच्या सेलमधली’ नवी व्हिताँ किंवा ‘अधिकृत वेबसाइटवरून मागवलेली’ शॅनेल, एवढ्या वर्णनातच उत्तर मिळून जाते.

भारतात खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणाऱ्यास ‘व्यापारचिन्ह अधिनियम, 1999’च्या कलम 104 खाली सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. इटलीत खरेदीदारही सुटत नाही. तिथे रस्त्यावर बनावट पिशवी घेणाऱ्या पर्यटकाला 7,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो.