चार-दहा-सात म्हणजे सत्तेचाळीस

दुसरीतल्या मुलाला ‘सत्तेचाळीस’ लिहायला सांगितलं, की पुष्कळदा वहीत ७४ उमटतं. त्यात मुलाचं काय चुकलं? कानावर सात आधी पडला, म्हणून त्याने तो आधी लिहिला.

चिनी मुलाला ही अडचण येत नाही. मँडरिनमध्ये ४७ म्हणजे ‘स्स-श्र-छी’, शब्दशः चार-दहा-सात. अकरा म्हणजे दहा-एक, वीस म्हणजे दोन-दहा. ई, अर, सान, स्स, वू, ल्यौ, छी, पा, च्यौ, श्र एवढे दहा शब्द आले, की नव्याण्णवपर्यंत नवा शब्द लागत नाही. मानसशास्त्रज्ञ केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली चिनी आणि अमेरिकी बालकांची मोजणी ताडून पाहिली. दहापर्यंत दोघं बरोबरीत होती, अमेरिकी मुलं मागे पडली ती दहाच्या पुढे. आपल्याकडे २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण त्यामागचा विचार योग्यच होता, असं मला मनापासून वाटतं.

उच्चारात कस लागतो तो सुरांचा. चारचा ‘स्स’ वरून खाली झपकन उतरतो, दहाचा ‘श्र’ खालून वर चढतो. हेच ‘स्स’ आधी खाली दबून मग वर उचललं, की अर्थ होतो मरण. म्हणूनच तिकडे अनेक इमारतींत चौथा मजला नावालाही नसतो.

लिहिताना एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या ब्राह्मी शिलालेखातही एक आणि दोन असेच आडव्या रेघांचे आहेत. चिनी दहा मात्र अधिकच्या चिन्हासारखा. म्हणजे एकाच्या रेघेला उभी रेघ मारली की झाले दहा, आणि वर एक छोटा तिरका फटकारा दिला की हजार! व्यवहारात ही लबाडी चालू नये म्हणून चेकवर किंवा करारावर अक्षरी रक्कम लिहायला आकड्यांची वेगळी, गुंतागुंतीची चिन्हं वापरतात. त्यांत अशी रेघ घुसवायला जागाच राहत नाही.

मोठ्या संख्यांत आपली गाडी थोडी अडते. दहा हजाराला त्यांच्याकडे ‘वान’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि पुढची मोजणी त्याच्याच पटीत चालते. आपला लाख म्हणजे दहा वान, कोटी म्हणजे हजार वान. दहा कोटींना पुन्हा ‘वान’ जोडत नाहीत, तिथे ‘ई’ हा नवा शब्द येतो, एकच्या ‘ई’हून वेगळ्या सुरातला. एका ‘ई’त दहा हजार वान, म्हणजे आपले दहा कोटी मावतात, म्हणून दहा ‘ई’ म्हणजे आपले शंभर कोटी.