सुती कापडाची फ्रिक्वेन्सी सोडा, पाणी बघा

परवा ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला, सुती कापडाची ‘फ्रिक्वेन्सी’ १०० म्हणे, ती शरीराशी जुळते म्हणून आजार लांब राहतात. कापडाला असली फ्रिक्वेन्सी नसते हो. आणि सुताकडं खरोखर जो भारी गुण आहे तो कुणी फॉरवर्ड करत नाही: कापूस ओला झाला की आणखी मजबूत होतो, साधारण १० ते २० टक्के. लोकर भिजली की कमजोर, व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून केलेलं रेयॉन) तर जवळपास निम्मी ताकद घालवतं.

असं का? कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर लांब वाढलेली एकच पेशी. बोंड फुटलं की ती सुकते, नळी चपटी होते आणि पीळ खाते. तिची भिंत सेल्युलोजच्या, म्हणजे झाडांच्या पेशींच्या भिंती ज्याच्या असतात त्या पदार्थाच्या, लांब साखळ्यांची, काही भागात साखळ्या एकदम शिस्तीत, तिथं पाणी शिरत नाही, आणि काही भागात विस्कटलेल्या, हायड्रोजन बंधांनी (रेणूंमधल्या हलक्या ओढीनं) जिथल्या तिथं अडकलेल्या. कोरडं सूत ओढलं की सगळा भार मोजक्याच साखळ्यांवर येतो, रस्सीखेचेत दोघंच जोर लावतायत आणि बाकीचे दोर धरून नुसते उभे, तसं. विस्कटलेल्या भागात पाणी शिरलं की ते बंध सैल होतात, साखळ्या ओढीच्या दिशेनं सरकतात आणि भार वाटला जातो. व्हिस्कोजही सेल्युलोजच, पण साखळ्या आखूड आणि शिस्तीतला भाग कमी, म्हणून बंध सुटले की साखळ्याच निसटतात.

हे रसायनशास्त्र माहीत नसताना कातणाऱ्या-विणणाऱ्यांनी ते वापरलं. ढाक्याच्या मलमलीचं सूत बायका पहाटे नाहीतर संध्याकाळी, हवा दमट असताना कातायच्या, कारण तिथल्या ‘फुटी’ जातीच्या कापसाचा तंतू आखूड, कोरड्या हवेत तुटायचा. आपल्याकडं हौसेनं नेसतात ती इलकलची इरकल जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेल्या मागावर विणतात, तिथं ताणा (उभे धागे) ओलसर मातीजवळ राहतो. आणि इचलकरंजीत, जिथं १९०४ ला यंत्रमाग आला, तिथंही सायझिंगला, म्हणजे विणण्याआधी, खळ लावलेलं सूत एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत जास्तच तुटतं.

पण ओल बुरशीलाही आवडते आणि खळ कसरीला, त्यामुळं आजीची सुती साडी ठेवणार असाल तर खळ धुऊन काढा, खडखडीत वाळवा आणि मगच कपाटात ठेवा, इस्त्रीचा थाट नंतर करा.