मेस्काला दगडी मूर्ती

मेक्सिकोच्या नैऋत्येला गेरेरो राज्य आहे, तिथे बाल्सास नदीच्या खोऱ्यात प्राचीन काळी ज्या छोट्या दगडी मूर्ती घडवल्या त्यांना मेस्काला मूर्ती म्हणतात. पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावात प्राचीन अमेरिकेतल्या वस्तू निघाल्या की त्यात यातली एखादी बऱ्याचदा असतेच. मेक्सिकन चित्रकार आणि संग्राहक मिगेल कोवारुबियास यांनी 20व्या शतकाच्या मध्याला ही वेगळी शैली म्हणून ओळखली.

मूर्ती बघितली तर कळतं की किती कमी रेघांत माणूस उभा केलाय. मूळ आकार दगडी कुऱ्हाडीच्या पात्याचा, त्यावर दोनचार खाचा पाडून डोळे, नाक, हात, पाय सुचवलेत, बास. दगड अँडेसाइट, सर्पेंटाइन असे कडक नाहीतर हिरवट, आणि हाताशी लोखंडी हत्यार नाही, म्हणजे दोरी आणि ओली वाळू घेऊन तासन्‌तास घासत कापायचं, भोकंही वाळू घालून फिरवत फिरवतच पाडायची. माणसांशिवाय खांब आणि पायऱ्या असलेली छोटी देवळंही आहेत, मला स्वतःला तीच जास्त आवडतात.

वय सांगताना मात्र सगळे अडखळतात. कॅटलॉगमधे इ.स.पू. 300 ते 100 वगैरे छापलेलं असतं, पण बहुतेक मूर्ती चोरून उकरलेल्या, कुठल्या थरात, कुणाच्या शेजारी होत्या याची नोंदच नाही, आणि ती एकदा गेली की परत मिळत नाही. म्हणून गेरेरोतल्याच आहुइनाहुआक या जुन्या वस्तीचं उत्खनन फार मोलाचं, 1989-90 च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ लुईझ पॅराडिस यांच्या टीमला तिथे अशा मूर्ती जागच्या जागी मिळाल्या.

दुसरा भक्कम पुरावा मेक्सिको सिटीत आहे. 1978 पासून पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या देखरेखीखाली तेम्प्लो मायोर या अझ्टेक (स्पॅनिश येण्याआधी तिथे राज्य करणारे लोक) देवळाचं उत्खनन झालं, तिथे पुरलेल्या नैवेद्यात मेस्काला मूर्ती आणि मुखवटे ढिगाने निघाले. अझ्टेकांच्या काळात त्या आधीच शेकडो वर्षं जुन्या होत्या, तरी त्यांनी त्या जपून आणल्या आणि काहींवर पावसाच्या देवाचा, त्लालोकचा चेहरा रंगवला!

विक्रीचं म्हणाल तर 1972 च्या मेक्सिकन कायद्याने अशा वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या आहेत, देशाबाहेर नेता येत नाहीत (आपल्याकडचा पुरावशेष कायदाही त्याच सालचा). तरी युरोपात लिलाव होतात. 2019 आणि 2021 मधे पॅरिसच्या लिलावांवर मेक्सिको सरकारने उघड आक्षेप घेतला पण लिलाव थांबले नाहीत. त्यामुळे विकायला आलेली मूर्ती बघताना आधी ती कधी आणि कुणाकडून आली ते वाचावं, नुसतं 'जुना युरोपियन संग्रह' एवढंच लिहिलं असेल तर मला तरी ते अजिबात पुरेसं वाटत नाही.

नकलाही भरपूर आहेत, कारण इतका साधा आकार कॉपी करणं सोपं. दगड घडवला कधी हे कार्बन डेटिंगने कळत नाही, मग जाणकार मायक्रोस्कोपखाली खाचा तपासतात, फिरत्या मशीनच्या चाकाने पडलेले ओरखडे आणि दोरी-वाळूने घासलेले ओरखडे तिथे वेगळे दिसतात.