माळकरी

गळ्यात तुळशीच्या मण्यांची माळ घातलेला वारकरी म्हणजे माळकरी, मग बाई असो नाहीतर बाप्या. माळ बाजारात मिळते पण आपली आपण अडकवून कुणी माळकरी होत नाही, ती महाराजांच्या हातून घ्यायची असते आणि घेताना नेम सांगतात, मटण-मासे बंद, दारू बंद, एकादशी धरायची, रोज हरिपाठ, वारी चुकवायची नाही, खोटं बोलायचं नाही, आणि परस्त्री रखुमाईसारखी, हे तर तुकोबांनीच सांगून ठेवलंय.

नेम पाळतो का हे बघायला कुणी इन्स्पेक्टर येत नाही, पण गाव बघत असतं ना. मापात मारताना सापडला की "गळ्यात माळ घालून असं करतोस?" एवढं एक वाक्य बास होतं, बिनमाळेच्या माणसाला ते कुणी म्हणत नाही. आधी लोक काय म्हणतील म्हणून पाळलेला नेम वीस वर्षांनी अंगात इतका मुरतो की मटणाचा नुसता वासही नको होतो. माझ्या मते संस्कृती माणूस घडवते म्हणजे हेच.

घरही बदलतं. भांडी वेगळी होतात, बाकीच्यांना मटण करायचं तर चूल परसात मांडतात, जत्रेत बोकड पडला तरी माळकऱ्यांचा स्वयंपाक आणि पंगत वेगळी, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. दारू सुटावी म्हणून पण घरचे माळ घालायला लावतात. कुणाची सुटते, कुणी चार महिन्यांत माळ खुंटीला अडकवतो, पण प्यायच्या आधी माळ काढून ठेवणारा तिला मानतोच की.

वारीत भेटले की एकमेकांना माउली म्हणायचं, एकमेकांच्या पाया पडायचं, वय नाही जात नाही. पण जेवताना? इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवताना त्यांनी बघितले. महार जातीचे संत चोखोबा, त्यांची समाधी पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळाच्या बाहेरच आहे. मांस खाणं पाप हे माळकऱ्याच्या जिवाला लागलं होतं, पण चोखोबाच्या माणसांना दारात अडवणं पाप आहे हे बहुतेकांच्या जिवाला शेकडो वर्षं लागलंच नाही. शेवटी मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, दहा दिवसांनी दार उघडायचं ठरलं, आणि त्या उपोषणाला जागा दिली ती एका वारकरी महाराजांनीच, तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात.