१९०५ साली दिलेलं कर्ज

एका पतसंस्थेचा जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये घ्यायचं काम आलं होतं, नाव जाऊ दे. जुनं म्हणजे डॉसवरचं फॉक्सप्रो, माहितीचे तक्ते सांभाळणारा प्रोग्राम, आणि एका फोल्डरमध्ये त्या तक्त्यांच्या शे-दीडशे डीबीएफ फायली. चेअरमनना हवं काय, तर एका क्लिकवर शाखावार थकबाकी. मला वाटलं दोन दिवसांचं काम, फायली वाचायच्या नि पोस्टग्रेस या नव्या डेटाबेसमध्ये ओतायच्या. पहिलाच रिपोर्ट काढला तर एका सभासदाला १९०५ साली कर्ज दिलेलं निघालं, आणि त्यावरचं व्याज... विचारूच नका.

आता डीबीएफ फाइलमध्ये तारीख आठ अक्षरांत असते, आधी साल, मग महिना, मग दिवस, म्हणजे साल पूर्ण चार आकडी. पण स्क्रीनवर टाइप करताना दोनच आकडे घ्यायची पद्धत होती आणि '०५' टाकलं की फॉक्सप्रो मागच्या मागे १९ चिकटवायचं. १९९९ पर्यंत कोणाचं काही अडलं नाही. नंतर त्यांच्या प्रोग्रामरने रिपोर्टच्या प्रोग्राममध्येच जुगाड केला, साल १९५० च्या आधीचं दिसलं की शंभर मिळव, आणि फाइल होती तशीच सोडली. म्हणजे खरी तारीख फाइलमध्ये नव्हतीच, ती प्रोग्राममध्ये होती, आणि आम्ही आणली नुसती फाइल! बरं, तोच नियम मी सगळ्या तारखांना लावायला गेलो तर १९३८ चा जन्म असलेले आजोबा २०३८ मध्ये जन्माला यायला लागले.

मग तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेची गोळाबेरीज, जुळेना. फॉक्सप्रोत ओळ डिलीट केली की ती जात नाही, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक बाइट राखून ठेवलेला असतो तिथे फक्त चांदणी पडते, आणि कोणी पॅक कमांड चालवेपर्यंत ओळ तिथेच पडून असते. आमच्या स्क्रिप्टने ती चांदणी बघितलीच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं रद्द करून ठेवलेल्या पावत्या सगळ्या परत जमा.

पण खरी डोकेदुखी नावांची. डॉसवर मराठी लागायचं तर पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलेलं असायचं, त्यातलं इस्की कोडिंग, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला आकडा ते ठरवणारं, १९९१ चं भारतीय मानक आणि आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड कोडिंगची देवनागरीही इस्कीवरच बेतलेली, त्यामुळे तो भाग सोपा गेला. सभासद यादी मात्र नंतर विंडोजवर कुठल्याशा फॉन्टमध्ये टाइप झालेली. अशा फॉन्टमध्ये अक्षर साठत नाही, अक्षराचं चित्र साठतं. 'शिर्के' घ्या, डोळ्यांना दिसतं तसं आधी पहिली वेलांटी, मग श, क, मात्रा आणि शेवटी रफार. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो, श, वेलांटी, र, हलन्त, क, मात्रा, म्हणजे वेलांटी उचलून पुढे न्यायची आणि रफार उचलून क च्या आधी आणायचा. त्यात एक टायपिस्ट रफार मात्रेच्या आधी द्यायचा, दुसरा नंतर, स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळी माणसं.

हे महत्त्वाचं का, तर पोस्टग्रेससारख्या रिलेशनल डेटाबेसचं सगळं गणितच एक माणूस एकदाच नोंदला जाण्यावर चालतं. आयबीएमच्या एडगर कॉडने १९७० मध्ये ही कल्पना मांडली, माहिती तक्त्यांत ठेवा, एक गोष्ट एकाच जागी लिहा आणि बाकीच्यांनी तिच्याकडे नंबराने बोट दाखवा. जुन्या फायलीत नाव कर्जाच्या ओळीत वेगळं, ठेवीच्या ओळीत वेगळं टाइप केलेलं. त्यामुळे आता मी आधी सगळं जसंच्या तसं, तारखासुद्धा, साधा मजकूर म्हणून कच्च्या तक्त्यांत ओततो, त्याला हात लावत नाही, आणि सफाई करून पुढच्या तक्त्यात नेतो. आकडा चुकला की मागे जाऊन मूळ ओळ बघता येते.

शेवटी फॉरिन की लावली, म्हणजे सभासद नसेल तर त्याचा व्यवहार घ्यायचाच नाही असा दंडक, तर ढीगभर ओळी बाहेर पडल्या. सगळ्या खातं नंबर ९९९९ च्या, आणि असा सभासद यादीत नाहीच. शेवटी निवृत्त कॅशिअर काकांना घरी जाऊन गाठलं.

"अहो ते खातं नव्हेच, संध्याकाळी तेरीज जुळली नाही की फरक तिथे टाकायचो, दुसऱ्या दिवशी चूक सापडली की काढायचो."

"आणि नाही सापडली तर?"

काकांनी आत चहा सांगितला. रिपोर्टमध्ये ती ओळ आम्ही 'सस्पेन्स' नावाने वेगळी ठेवलीय, चेअरमन दर महिन्याला विचारतात.