साधन ठरवण्याआधीचे प्रश्न

दिव्यांग विद्यार्थ्याला कोणते साधन द्यायचे, हा प्रश्न आज नियोजनात सर्वांत शेवटी येतो; निदान यावा अशी अपेक्षा असते. इथवर पोहोचायला बराच काळ गेला.

लुई ब्रेलने १८२४ च्या सुमारास सहा टिंबांची लिपी जुळवली, तेव्हा तो पॅरिसच्या अंधशाळेत शिकणारा पंधरा वर्षांचा मुलगा होता. शार्ल बार्बिएची बारा टिंबांची पद्धत त्याला माहीत होती, पण तिचे चिन्ह बोटाच्या एका टोकाखाली मावत नसे. ही अडचण बोटांनी वाचणाऱ्यालाच कळणार! डोळस शिक्षकांचा ओढा मात्र उठावाच्या रोमन अक्षरांकडे होता. त्याच शाळेने ब्रेल लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये, तो वारल्यानंतर दोन वर्षांनी.

पुढे यंत्रे आली: १९५१ मध्ये ब्रेल लिपीत टाइप करण्याचे पर्किन्स ब्रेलर, १९७६ मध्ये छापील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे कर्झवाइलचे यंत्र. नियोजनाला बळ दिले ते कायद्याने. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने विशेष शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा सक्तीचा केला. १९८८ च्या कायद्याने सहाय्यक साधन आणि सहाय्यक सेवा यांच्या वेगवेगळ्या व्याख्या दिल्या. मला दुसरी जास्त मोलाची वाटते, कारण मूल्यमापन, साधन मुलाच्या मापाचे करणे, दुरुस्ती आणि घरच्यांसह शिक्षकांचे प्रशिक्षण हे सगळे तिच्यात येते. १९९७ पासून प्रत्येक आराखड्यात सहाय्यक तंत्रज्ञानाचा विचार बंधनकारक झाला. अनेक ठिकाणी तो चौकटीत बरोबरची खूण करण्यापुरताच उरला, हे वेगळे.

दरम्यान १९९३ मध्ये फिलिप्स आणि झाओ यांनी प्रौढ दिव्यांगांचा अभ्यास केला. जवळपास २९ टक्के साधने वापरातून गेली होती, आणि निवडताना वापरणाऱ्याचे मत न घेणे हे त्यामागचे एक ठळक कारण होते.

१९९५ च्या सुमारास जॉय झबाला यांनी ‘सेट’ (चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे, SETT) ही विचाराची चौकट मांडली. आधी विद्यार्थी, मग त्याचे वातावरण, मग त्याला करायची कामे, आणि त्यानंतर साधने. वर्गात गोंगाट असेल तर बोलून टाइप करण्याची सोय फारशी कामाची नाही, हे अशा क्रमाने गेल्यावर खरेदीआधीच लक्षात येते. आराखड्यात मग बारीकसारीक नोंदीही येतात: टॅबलेट चार्ज कोणी करायचा, बदली शिक्षक आले तर त्यांना कोण दाखवणार, सुटीत साधन घरी जाणार की कपाटात राहणार.